मासा परत करायचा कुठे?

तलावाच्या काठावर गळ टाकून बसलेल्याला एखाद्या दिवशी हातभर लांबीचा काळपट मासा लागतो. त्याला खवलं नसतात, अंगावर हाडांच्या पट्ट्यांचं चिलखत असतं. तोंड पोटाच्या बाजूला, गोल आणि चिकटणारं. पाठीवरचा पर शिडासारखा उभा राहतो, छातीच्या परांचे काटे आडवे ताठ होतात, आणि गळ सोडवताना बोट फाटतं. मासा पाण्याबाहेर तासभर जिवंत राहिला की भोवती माणसं जमतात, मोबाइलवर व्हिडिओ फिरतो. खाण्याजोगा दिसत नाही म्हणून शेवटी तो बहुतेक वेळा परत पाण्यात फेकला जातो.

हा आपल्याकडचा मासा नव्हे, आणि त्यात चमत्कारही काही नाही. दक्षिण अमेरिकेतल्या अ‍ॅमेझॉन आणि शेजारच्या नद्यांमधला हा ‘सकर’. अ‍ॅक्वेरियमच्या दुकानात तो ‘टाकी साफ करणारा’ म्हणून बोटभर आकारात मिळतो. अभ्यासक त्याला टेरिगोप्लिक्थिस या प्रजातीसमूहात घालतात. तलावात तो पोहत आलेला नसतो. कुणीतरी त्याला बादलीतून आणून सोडलेलं असतं.

सोडणाऱ्याला दोष देऊन हा प्रश्न सुटणार नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. नको झालेला मासा परत करायला ठाण्यात किंवा नवी मुंबईत एकही ठरलेली जागा नाही, तोवर तलाव हीच ती जागा राहणार. महापालिकेने काठावर कितीही फलक लावले तरी त्यात फरक पडणार नाही.

मासा नको का होतो, याचं गणित सोपं आहे. घरोघरी असते ती दोन फुटी टाकी 24 इंच लांब, 12 रुंद आणि 15 उंच. काठोकाठ भरली तर तिच्यात साधारण 70 लिटर पाणी मावतं. तळाचे खडे आणि वरची मोकळी जागा वजा केली की 55 ते 60 लिटर उरतं. दुकानातून आणलेला सकर असतो 5 सेंटिमीटरचा. नीट खायला मिळालं तर दोनेक वर्षांत तो फूटभर होतो आणि पुढे दीड फुटापर्यंत जातो. तेवढ्या माशाला निदान 400 लिटरची टाकी लागते आणि तो दहा-पंधरा वर्षं जगतो. टाकी साफ ठेवण्याची ख्यातीही खोटी आहे. लहानपणी तो काचेवरचं शेवाळ खरवडतो हे खरं. पण मोठा झाला की तो माशांचं खाद्य खातो, शेवाळ काढतो त्याच्या कितीतरी पट विष्ठा टाकतो, आणि रात्री संथ पोहणाऱ्या गोल्डफिशच्या अंगाला चिकटून त्याच्यावरचा बुळबुळीत थर खरवडतो. सकाळी गोल्डफिशच्या कुशीवर लाल चट्टे दिसतात. मग घरात ठरतं, याला बाहेर काढा.

काढायचा, पण द्यायचा कुठे? दुकानदार मोठा सकर घेत नाही, कारण त्याला गिऱ्हाईक नाही. मारायला मन धजावत नाही. संडासात टाकणं क्रूर वाटतं आणि ते आहेच. मग संध्याकाळी फिरायला जाताना बादली बरोबर घेतली जाते. मुलं टाटा करतात, मोठ्यांना जीवदान दिल्याचं समाधान मिळतं. शाळा संपतात, बदल्या होतात, भाड्याची घरं बदलतात त्या एप्रिल-मे महिन्यांत टेम्पोत टाकी चढवण्यापेक्षा मासे सोडून देणं सोपं असतं. वाढदिवसाला परतभेट म्हणून पिशवीतून दिलेल्या गोल्डफिशची वाटही शेवटी तीच. यातल्या कुणालाही तलावाचं वाईट करायचं नसतं. हे लक्षात घेतलं नाही तर आपण नुसते दंडाचे आकडे ठरवत बसू.

सोडलेल्या माशांपैकी बरेचसे मरतात. टाकीतलं पाणी आणि तलावाचं पाणी यांच्या तापमानात आणि आम्लतेत फरक असतो. बादली उपडी केली की तो धक्का एका क्षणात बसतो. दोन शेपट्यांच्या, फुगीर पोटाच्या गोल्डफिशला नीट पोहताही येत नाही. हिरव्या पाण्यात त्याचा केशरी रंग दुरूनही दिसतो आणि खंड्या, वंचक, पाणकावळा यांचं काम सोपं होतं. ‘मोकळं केलं’ म्हणून घरी परतलेल्या माणसाला हे दिसत नाही. त्यामुळे सोडणं म्हणजे दया, ही समजूत आधी मोडायला हवी. बहुतेक माशांसाठी ते भीतीने आणि उपाशीपोटी आलेलं मरणच असतं.

पण काही जगतात, आणि जे जगतात ते अगदी नको तेच. आपल्या शहरी तलावांची अवस्थाच अशी आहे की त्यातून असे मासे निवडून वर येतात. मासुंदा असो, कचराळी असो की कोपरखैरणे-घणसोलीकडची गावतळी, सगळ्यांत पिठाचे गोळे, पाव आणि निर्माल्य पडतं, सांडपाणी झिरपतं. हे सारं कुजताना पाण्यातला प्राणवायू वापरला जातो. वर शेवाळाची हिरवी साय असते. ते दिवसा प्राणवायू देतं, रात्री मात्र स्वतःच खातं. ढगाळ, वारा नसलेल्या रात्रीनंतर पहाटे प्राणवायू लिटरला 2 मिलिग्रॅमच्या खाली जाऊ शकतो. तेव्हा रोहू-कटला तोंड वर काढून धापा टाकताना दिसतात आणि सकाळी तलावभर पांढरी पोटं तरंगतात. सकरला याचं काही वाटत नाही. तो पृष्ठभागावर येऊन हवा गिळतो. त्याच्या जठराच्या भिंतीत रक्तवाहिन्यांचं दाट जाळं असतं आणि ते फुप्फुसाचं काम करतं. आफ्रिकन मांगूरही हवेवर जगतो. तिलापियाला हवा गिळता येत नाही, पण पाणी बरंच बिघडलं तरी तो तग धरतो, शिवाय मोझांबिक तिलापियाची मादी अंडी तोंडात सांभाळते. सकरचा नर बिळात अंड्यांवर पहारा करतो. हवेवर किंवा कमी प्राणवायूवर जगणं, मिळेल ते खाणं आणि पिल्लांची राखण, यांतल्या दोन गोष्टी ज्याच्याकडे आहेत तो घाणेरड्या तलावात राजा होतो. म्हणून परका मासा आणि घाण पाणी हे दोन वेगळे प्रश्न मानणं चूक आहे. प्रत्येक मोठ्या मासेमरतुकीनंतर तलावात जागा रिकामी होते आणि ती भरायला सकर तयारच असतो.

पुढे काय होतं ते इतर देशांनी पाहिलेलं आहे. मेक्सिकोतल्या इन्फिएर्निलो धरणात या माशांनी जाळी इतकी भरू लागली की तिथला मासेमारीचा धंदा बसला. फिलिपिन्समधल्या लागुना दे बाय सरोवरात त्याला ‘जॅनिटर फिश’ म्हणतात, आणि तिथल्या कोळ्यांची तक्रारही तीच आहे. त्याचे काटे जाळ्यात असे अडकतात की मासा सोडवायचा तर आस, म्हणजे जाळ्याची घरं, कापावी लागतात. पाग, म्हणजे हाताने फेकायचं जाळं, टाकणाऱ्या माणसाला त्याचा अर्थ लगेच कळेल. आपल्या देशात 2020 मध्ये वाराणसीला गंगेत सकर सापडल्याची बातमी झाली. पूर्व कोलकात्याच्या पाणथळीत तो मत्स्यशेतीला त्रास देतो आहे. 2023 मध्ये भोपाळच्या बड्या तलावात आणि श्रीनगरच्या दल सरोवरात अ‍ॅलिगेटर गार सापडला. सुसरीसारख्या जबड्याचा हा मासा उत्तर अमेरिकेतला आहे, दोन मीटरच्या पुढे वाढतो आणि त्याची अंडी माणसाला विषारी असतात. चीनमधल्या रुझोउ शहरात 2022 साली असे गार पकडायला बागेतलं अख्खं तळं उपसावं लागलं. महिनाभराच्या खटपटीनंतर हाती दोन मासे आले.

नवी मुंबईला या सगळ्यात एक जादा धोका आहे. सिडकोने खाडीलगत धारण तलाव बांधले ते भरतीच्या वेळी पडणारा पाऊस साठवून ओहोटीला खाडीत सोडण्यासाठी. शहर समुद्रसपाटीच्या इतकं जवळ वसलेलं असताना त्यांचे बांध आणि झडपा यांवर पावसाळ्यातली सुरक्षितता अवलंबून असते. सकर अंडी घालायला मातीच्या काठात आडवी बिळं कोरतो. ती हातभर, कधी मीटरभर खोल जातात. फ्लोरिडातल्या तळ्यांचे काठ या बिळांमुळे ढासळले आहेत. तिथे काठावरची हिरवळ खचते. आपल्याकडे अशी बिळं बांधात झाली तर पाणी कुठे जाईल ते सांगायला नको.

‘तलाव बंदिस्त आहे, तिथला मासा तिथेच राहणार’ हा युक्तिवाद जूनपर्यंत टिकतो. उपवन येऊरच्या डोंगराच्या पायथ्याशी आहे. जुलैत डोंगराचं पाणी उतरलं की तलाव भरून वाहतो, पाणी नाल्यात आणि नाल्यातून खाडीकडे जातं. ठाण्याची खाडी उत्तर टोकाला उल्हास नदीच्या खाडीला चिंचोळ्या वाटेने जोडलेली आहे. उन्हाळ्यात तिचं पाणी खारं असतं, भर पावसात वरच्या भागात ते बरंच गोडं होतं. सकर लिटरला 10 ग्रॅमपर्यंतचं मीठ सहन करतो, समुद्रात असतं 35. म्हणजे खाडी एरवी त्याच्या वाटेतली भिंत असते आणि पावसाळ्याचे दोन महिने तीच त्याचा रस्ता होते. ठाणे खाडीला 2022 मध्ये रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा, दर्जा मिळाला तो फ्लेमिंगोंसाठीच नव्हे. चेंदणी, दिवाळे, सारसोळे इथल्या कोळीवाड्यांचं बोय, निवटी, कोळंबी, चिंबोरी हे सगळं याच चिखलावर जगतं.

एक आक्षेप प्रामाणिक आहे आणि त्याला उत्तर द्यायला हवं. ठाण्याचे तलाव माणसांनी खोदले किंवा बांधले, त्यांत रोहू-कटलाचं बीज दरवर्षी बाहेरून आणून सोडलं जातं, तिलापिया 1952 पासून देशात आहे, मग आता शुद्धतेचा आग्रह कशाला? रोहू-कटला कोकणातल्या ओढ्यांचे मूळ रहिवासी नाहीत, हे खरंच आहे. पण त्यांना साठलेल्या पाण्यात वीण धरता येत नाही, म्हणून तर दरवर्षी बीज विकत आणावं लागतं. सोडणं थांबवलं की काही वर्षांत ते संपतात. सकर एकदा बसला की थांबवायला कुणाच्या हातात काही राहत नाही. परका आणि आक्रमक यातला फरक तो हाच. आणि शोभेची वस्तू पाण्यात सुटली की काय होतं त्याचा धडा उल्हास नदीत दरसाल दिसतो. जलपर्णी भारतात आली ती जांभळ्या फुलांसाठी, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस. आज ती काढायला यंत्रं, होड्या आणि माणसं लावावी लागतात, आणि पुढच्या वर्षी ती पुन्हा येते.

आता महापालिकांनी आधी स्वतःच्या हाताकडे पाहावं. हिवताप आणि डेंग्यू रोखायला गप्पी मासे सोडले जातात. गप्पी हा अ‍ॅक्वेरियमचाच मासा आहे, तोही दक्षिण अमेरिकेतला. नागरिकाला ‘तलावात मासे सोडू नका’ म्हणायचं आणि दुसऱ्या हाताने नाल्यात, तळ्यात गप्पी ओतायचे, हे कुणाला पटणार? गप्पी टाकूच नयेत असं नाही. बांधकामावरची पाण्याची टाकी, वापरात नसलेली विहीर, कारंजाचा हौद, अशा जिथून पाणी बाहेर वाहत नाही तिथे ते चालतील. उघड्या तलावात आणि ओढ्यात मात्र देशी मासा हवा. डोक्यावर चकाकणारा पांढरा ठिपका असलेला पॅनचॅक्स, म्हणजे अ‍ॅप्लोकायलस, हा आपल्या किनारपट्टीवरचा मासा पृष्ठभागालगत राहतो आणि डासांच्या अळ्या आवडीने खातो. मासा न टाकताही अळ्या मारणारं बीटीआय हे जिवाणूंपासून बनवलेलं औषध आहे. हिवताप विभागाची गप्पी पैदास केंद्रं हळूहळू पॅनचॅक्सकडे वळवणं अवघड नाही. फक्त तो उडी मारतो, म्हणून हौदावर जाळी लागते, आणि गप्पीसारखी जिवंत पिल्लं न देता पाणवनस्पतींना अंडी चिकटवतो, म्हणून हौदात वनस्पती किंवा लोकरीच्या धाग्यांचे झुबके सोडावे लागतात.

कायद्याचं म्हणाल तर वाट अर्धी उघडी आहे. वन्यजीव संरक्षण कायद्यात 2022 च्या दुरुस्तीने 62 अ हे कलम आलं. त्यानुसार आक्रमक परकी जातींची आयात, व्यापार, बाळगणं किंवा प्रसार यांवर केंद्र सरकार बंधन घालू शकतं. सकर आणि गार यांची विक्री या कलमाखाली थांबावी, अशी मागणी राज्याने आणि महापालिकांनी केंद्राकडे करायला हवी. मात्र तिच्यावर विसंबून बसू नये. बंदी विक्रीवर येते. घराघरांत आधीच असलेल्या सकरांचं काय, हे बंदी सांगत नाही. उलट, बंदीची बातमी येताच घाबरून लोक रातोरात बादल्या घेऊन तलावावर जातील. परत घेण्याची सोय आधी, बंदी नंतर, हा क्रम चुकता कामा नये.

ठाण्याला अशी सोय नवी नाही. गणेशमूर्ती तलावात जात होत्या. ‘नका टाकू’ म्हणून त्या थांबल्या नाहीत. उपवन, रायलादेवी, आंबेघोसाळे इथे शेजारीच कृत्रिम तलाव केले, निर्माल्याला वेगळे कलश ठेवले, माणसं ठेवली, तेव्हा लोकांनी त्यांचा वापर केला. श्रद्धा तीच राहिली, जागा बदलली. माशांसाठीही हेच करता येईल. फ्लोरिडात 2006 पासून नको झालेले परदेशी पाळीव प्राणी विनादंड जमा करून घेण्याचे दिवस ठरवले जातात. सिंगापूरमध्ये वेसाकच्या, म्हणजे बुद्धपौर्णिमेच्या, सुमारास, जेव्हा पुण्यासाठी प्राणी सोडले जातात तेव्हा, जलाशयांवर स्वयंसेवक उभे राहून लोकांना समजावतात. आपल्याकडे एप्रिल आणि मे हे दोन महिने तसे धरावेत.

केंद्र कसं असावं याचा तपशील महत्त्वाचा, कारण अशा योजना तपशिलातच मरतात. तीन प्लास्टिकच्या किंवा फायबरच्या टाक्या पुरतात, प्रत्येकी 500 लिटरच्या: एक गोल्डफिश-कोईसाठी, एक लहान उष्णकटिबंधीय माशांसाठी, एक दांडग्या आणि खादाड माशांसाठी. प्रत्येकीत दोन स्पंज फिल्टर, एक हवा पंप, आणि इन्व्हर्टर. रात्री दोन तास वीज गेली तर भरलेली टाकी सकाळी मेलेली असते. टाक्या भरून लगेच मासे घ्यायचे नाहीत. माशांचा अमोनिया पचवणारे जिवाणू स्पंजमध्ये वाढायला चार ते सहा आठवडे लागतात. ते नसताना गर्दी केली तर तिसऱ्या-चौथ्या दिवशी मासे पृष्ठभागावर धापा टाकतात, कल्ले लालभडक होतात, आणि केंद्र पहिल्याच आठवड्यात बदनाम होतं. 1 एप्रिल रोजी दार उघडायचं तर टाक्या फेब्रुवारीच्या मध्याला चालू व्हायला हव्यात, आणि चाचणीत अमोनिया शून्य दाखवल्याशिवाय पहिला मासा घेऊ नये. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन काढायला हायपो, म्हणजे सोडियम थायोसल्फेटचे खडे, वापरतात.

आलेला प्रत्येक मासा 21 दिवस वेगळा राहिला पाहिजे. अंगावर साखर पेरल्यासारखे ठिपके, परांच्या बुडाशी धाग्यासारखा लटकणारा नांगर-जंत, खवल्यांवर सरकणारी चपटी मत्स्य-ऊ, या तीन गोष्टी रोज पाहायच्या. गोल्डफिशच्या टाकीत लिटरला 3 ग्रॅम जाडं मीठ चालतं. सकर आणि लोच यांच्या टाकीत ते टाळावं. प्रत्येक टाकीची जाळी आणि बादली वेगळी, कारण एका ओल्या जाळीने रोग तिन्हीकडे पोचतो. सर्वांत जास्त दुर्लक्ष होतं ते सांडपाण्याकडे. हे पाणी पावसाळी गटारात गेलं तर केंद्रच तलावात रोग आणि गोगलगायींची अंडी सोडेल. ते झाडांना घालावं किंवा मलनिःसारण वाहिनीत जाईल हे पाहावं.

जागा तलावाच्या काठावर नको. शनिवारी संध्याकाळी बादली घेऊन आलेल्या माणसाला दार बंद दिसलं आणि दहा पावलांवर पाणी असलं, तर तो काय करेल हे उघड आहे. ठाण्यात प्रभाग समितीच्या कार्यालयाजवळची बाग, नवी मुंबईत बेलापूरपासून दिघ्यापर्यंतच्या आठ विभाग कार्यालयांपैकी निदान दोन, असं सुरू करता येईल. वेळ शनिवार-रविवार सकाळ आणि संध्याकाळ, कारण नोकरदार माणूस मंगळवारी अकरा वाजता मासा घेऊन येणार नाही. नाव-पत्ता विचारू नये, दंड नको, उपदेश नको. फक्त मासा कोणता, किती, किती लांबीचा आणि का नको झाला, एवढं वहीत लिहावं. हीच वही पुढे कोणत्या माशाची विक्री थांबवायची ते सांगेल. प्रत्येक महापालिकेत कायद्याने जैवविविधता व्यवस्थापन समिती असते. अशा नोंदी तिच्या कामात चपखल बसतात.

निरोगी लहान मासे सहज जातील. शाळा, महाविद्यालयांचे प्राणिशास्त्र विभाग आणि छंदिष्ट मंडळी ते घेतील. प्रश्न उरतो मोठ्या सकरचा, गारचा, आफ्रिकन मांगूरचा. यांना कुणी घेणार नाही, आणि इथेच बहुतेक सरकारी योजना डोळे मिटतात. मी स्पष्ट लिहितो: या माशांना वेदनारहित मरण देण्याची परवानगी आणि तयारी केंद्राकडे असली पाहिजे. ती नसेल तर महिन्याभरात टाक्या सकरनी भरतील आणि नवीन मासा घ्यायला जागा उरणार नाही. मग कंटाळलेला कुणीतरी कर्मचारी रात्री त्या टाक्या कुठे रिकाम्या करील, हे सांगायची गरज नाही. जीवदयेच्या भावनेचा मला आदर आहे. पण एक सकर वाचवून तलावातल्या शेकडो देशी माशांची अंडी आणि काठ गमावणं ही दया नव्हे.

घरी एकच मासा असेल आणि दुसरा मार्ग नसेल, तर लवंग तेलाची पद्धत पशुवैद्यकातही मान्य आहे. 10 लिटर पाण्याला एकूण 4 मिलिलिटर शुद्ध लवंग तेल. तेल पाण्यात थेट ओतलं तर तरंगतं, म्हणून छोट्या बाटलीत कोमट पाण्याबरोबर दुधासारखं पांढरं होईपर्यंत हलवायचं. आधी त्यातलं चतुर्थांश टाकीच्याच पाण्यात घालायचं. मासा कुशीवर कलला, शेपटीला हात लावला तरी हलेनासा झाला की उरलेलं घालायचं. कल्ल्यांची हालचाल थांबल्यावरही निदान अर्धा तास तसंच ठेवायचं. सकर आणि मांगूर हवा गिळतात, त्यांना वर येऊ न देता जाळीने पाण्याखाली धरावं लागतं आणि वेळ तासाभरापेक्षा जास्त लागतो. मग रात्रभर फ्रीजरमध्ये, आणि दुसऱ्या दिवशी फूटभर खड्ड्यात पुरायचं. शुद्धीत असलेला मासा थेट फ्रीजरमध्ये किंवा बर्फात ठेवणं क्रूर आहे. लवंग तेलाने मेलेला मासा मांजराला घालू नये.

केंद्रात मासा नेणाऱ्याने आदल्या दिवशी त्याला खायला घालू नये, म्हणजे वाटेत पाणी खराब होत नाही. लहान मासे जाड दुहेरी पिशवीत, एक हिस्सा पाणी आणि दोन हिस्से हवा ठेवून. सकर पिशवीत कधीच नाही, काटे पिशवी फाडतात. त्याला झाकणाची बादली आणि झाकणाला भोकं.

तलावात असा मासा सापडला तर काय करावं, यातही गोंधळ मोठा आहे. पहिलं म्हणजे तो परत पाण्यात सोडू नये. मोजपट्टी शेजारी ठेवून तीन फोटो काढावेत: कुशीचा, पोटाचा, पाठीवरच्या पराचा. सकरच्या पाठीच्या परात दहा किंवा जास्त किरणं, म्हणजे पर ताठ धरणाऱ्या काड्या, असतात, आणि पोटावर नागमोडी रेषा की सुटे ठिपके यावरून जात ओळखायला मदत होते. तारीख आणि तलावाचं नाव लिहून नोंद आयनॅचरलिस्टसारख्या, प्राणी-वनस्पतींच्या नोंदी ठेवणाऱ्या अ‍ॅपवर टाकता येते. दुसरं म्हणजे, अनोळखी म्हणून मारू नये. मरळ आपलाच आहे, दिसायला सापासारखा असला तरी. कालुंदर आपलाच आहे. त्याच्या हिरवट अंगावर मोत्यासारखे ठिपके असतात आणि घाईत तो तिलापिया समजून मारला जातो. रूपचंद म्हणून बाजारात विकला जाणारा पाकू तलावात सापडला की ‘पिरान्हा सापडला’ अशी हाकाटी होते. पाकूचे दात माणसाच्या दाढांसारखे चपटे असतात, पिरान्हाचे करवतीसारखे. पाकूही परकाच, त्यालाही परत सोडायचं नाही, पण त्याच्या नावाने भीती पसरवण्याचं कारण नाही.

कासवांच्या बाबतीत चूक महाग पडते. डोळ्यामागे लाल पट्टा असलेला स्लायडर अमेरिकेतला, तो केंद्रात द्यावा. पण पाय आत ओढून पोटाकडून कातडीच्या झडपांनी झाकून घेणारं कासव हे आपलं देशी मृदुकवची कासव. ते वन्यजीव कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहे आणि ते घरी नेणं गुन्हा आहे. जाळ्यात आलं तर तिथेच पाण्यात सोडावं, जखमी असेल तर वनविभागाला कळवावं.

तलावात सकर आधीच वसले असतील तर ब्लीचिंग पावडर ओतण्याचा मोह टाळावा. तिने सगळंच मरतं, आणि पुढच्या पावसात नाल्यातून पुन्हा पहिला येतो तो सकरच. चालतं ते कंटाळवाणं काम: एप्रिल-मेमध्ये पाणी खाली गेलं की काठावरची उघडी पडलेली बिळं शोधायची, अंड्यांचे पिवळे गोळे काढायचे, मग दगडमातीने बिळं बुजवायची. पहाटे काठालगत पाग टाकायचा, कोळीवाड्यातल्या माणसांना या कामाचे पैसे द्यायचे, पकडलेल्या सकरांचं वजन लिहायचं. तीन वर्षं वजन कमी होत गेलं तर पद्धत लागू पडली. गाळ काढण्याचं कंत्राट निघतं त्यात बिळांची पाहणी आणि परके मासे वेगळे काढण्याची एक ओळ घातली तर खर्चही फारसा वाढत नाही. आज तलाव उपसला की सगळे मासे एका टँकरमधून दुसऱ्या तलावात नेऊन सोडण्याची पद्धत आहे, आणि त्यातून एका तळ्याचा त्रास दुसऱ्यात आपणच पोचवतो.

दुकानदारांनाही या आखणीत घ्यायला हवं, शत्रू म्हणून नव्हे. विकताना माशाची पूर्ण वाढीची लांबी आणि त्याला लागणारी टाकी लिटरमध्ये टाकीवर लिहिणं, एवढं तरी आजपासून होऊ शकतं. ‘सकर, 45 सेंटिमीटर, 400 लिटर’ अशी चिठ्ठी काचेवर चिकटली की दोन फुटी टाकीवाला तो घेताना थांबेल. शेवाळासाठी त्याला गोगलगाय किंवा काच घासायचा चुंबकी ब्रश पुरतो. कुर्ल्याच्या घाऊक बाजारातून मागणी कमी झाली तर माल येणंही आपोआप कमी होतं.

आणि तलावाकाठच्या पाट्या. ‘तलावात मासे, कासवे सोडू नयेत’ हे वाक्य बरोबर आहे, त्याच्या खाली आणखी एक ओळ हवी: कुठे द्यायचे, कोणत्या वारी, किती ते किती.